आपोआप होणारी गोष्ट शिकवायची कशी?

बाळंतपणाची बातमी आली की ‘मुलगा की मुलगी?’ याच्या पाठोपाठ पुढचा प्रश्न ठरलेला असतो, ‘नॉर्मल झाली की सिझर?’ उत्तर ‘सिझर’ असेल तर चौकशी लांबते. कुठल्या डॉक्टरांनी केलं, का करावं लागलं, बिल किती झालं. ‘नॉर्मल’ म्हटलं की विषय संपतो. ती काय, आपोआप होते.

मग प्रसूतिकक्षातल्या सिस्टर तिथे नेमकं करतात काय? आणि जी गोष्ट आपोआप होते तिचा अभ्यासक्रम कसा आखायचा, परीक्षा कशाची घ्यायची? नर्सिंगची विद्यार्थिनी बीपी मोजायला, इंजेक्शन द्यायला, सलाइन लावायला शिकते. ही सगळी हाताची कामं. नैसर्गिक प्रसूतीत हाताचं काम थोडंच असतं, आणि तेही बहुतेक शेवटच्या काही मिनिटांत. त्याआधीचे कित्येक तास बाईजवळ थांबायचं, तिला धीर द्यायचा, बारीक लक्ष ठेवायचं आणि गरज नसताना ढवळाढवळ करायची नाही. शिकवायला अवघड आहे ते हेच. त्यासाठी आता जगभर सिम्युलेशन वापरलं जातं. सिम्युलेशन म्हणजे खऱ्या प्रसंगाची रंगीत तालीम: रुग्ण खोटा, पण घ्यायचे निर्णय खरे.

वॉर्डात शिकायला काय हरकत आहे?

वॉर्डात शिकावं लागतंच. अडचण ही की तिथे विद्यार्थिनीला प्रसूतीचं शेवटचं टोकच पाहायला मिळतं. काही आठवड्यांचं पोस्टिंग असतं. टेबलाच्या पायथ्याशी पाच-सहा जणी दाटीवाटीनं उभ्या राहतात. डोकं दिसायला लागलं की हाक येते, बाळ बाहेर येतं, केसबुकात नोंद होते. कळा सुरू झाल्यापासून त्या क्षणापर्यंत ती बाई कशी होती, कोण तिच्याशी काय बोललं, हे त्या नोंदीत येत नाही.

शिवाय गर्दीच्या रुग्णालयात एका सिस्टरच्या अंगावर एकाच वेळी तीन-तीन बायका असतात. तिथे चटकन उरकण्याला किंमत येते. बाई उताणी झोपवलेली, पाय वर अडकवलेले, चहूबाजूंनी ‘जोर लाव, जोर लाव’चा गजर, आणि कधी कधी कुणीतरी पोटावर दाबही देतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार बाळ लवकर यावं म्हणून पोट दाबू नये, आणि जोर कधी लावायचा हे बाईच्या स्वतःच्या ऊर्मीवर सोडावं. पण विद्यार्थिनी पुस्तकात वाचलेलं विसरते आणि डोळ्यांनी पाहिलेलं उचलते.

दुसरीकडे नैसर्गिक प्रसूती पाहायला मिळण्याची संधीही आकसते आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात आधीच्या पाच वर्षांतल्या जन्मांपैकी ९४.७ टक्के जन्म रुग्णालयात झाले आणि २५.४ टक्के सिझेरियननं. देशभरातल्या खासगी रुग्णालयांत सिझेरियनचं प्रमाण ४७.४ टक्के होतं. ज्या नर्सिंग कॉलेजच्या मुली अशा रुग्णालयात शिकतात त्यांना शस्त्रक्रियेची तयारी उत्तम येत असेल, पण कळा देणाऱ्या बाईशेजारी चार तास बसणं त्यांनी शिकायचं कुठे?

अडीचशे वर्षांपूर्वीची कापडी बाई

ही अडचण आजची नाही. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये आंजेलिक द्यु कुद्रे नावाची एक सुईण होती. खेड्यापाड्यांत बाळंतपणं करणाऱ्या बायकांना शिकवण्यासाठी पंधराव्या लुई राजानं तिला १७५९ मध्ये देशभर फिरण्याची सनद दिली. शिकणाऱ्या बऱ्याच जणींना लिहिता-वाचता येत नव्हतं. म्हणून तिनं कापड आणि चामड्याचं, आत भरण भरलेलं बाईचं ओटीपोट तयार केलं. सोबत कापडी बाळ, नाळ आणि वार. दोऱ्या आणि पट्टे ओढून जन्ममार्ग सैल किंवा घट्ट करता येत असे. प्रत्येकीनं आपल्या हातानं बाळ पुन्हा पुन्हा बाहेर काढायचं, तेही आडवं, पायाळू, हरतऱ्हेनं अडलेलं. या ‘यंत्रा’चा एक नमुना रूआँ शहरातल्या वैद्यकीय संग्रहालयात आजही आहे.

पुढची मोठी भर एका खेळण्यांच्या कारखानदारानं घातली. नॉर्वेतल्या ओस्मुंड लेर्डाल यांनी १९६० मध्ये तोंडानं श्वास देण्याच्या सरावासाठी ‘रिससी अ‍ॅन’ हा पुतळा बाजारात आणला. बाळंतपणाच्या सरावाची आजची बरीच साधनं त्यांच्याच कंपनीच्या घराण्यातली आहेत.

बाळ सरळ बाहेर येत नाही

तालमीत काय शिकवतात ते कळायला आधी आत काय घडतं ते पाहू. आईच्या कटीची हाडं मिळून एक वाकडा बोगदा होतो. त्याचं वरचं तोंड डावी-उजवीकडे रुंद असतं, साधारण १३ सेंटिमीटर, आणि पुढून मागे ११. खालच्या तोंडाशी हे माप नेमकं उलटं होतं. बाळाचं डोकं मात्र पुढून मागे लांबट. म्हणजे शिरताना डोकं आडवं असायला हवं आणि निघताना उभं. चाळीच्या अरुंद जिन्यातून लाकडी कपाट उतरवताना हमाल ते आधी कलतं करतात, वळणावर फिरवतात आणि मग पुढे काढतात; बाळही तेच करतं. हनुवटी छातीला टेकवून डोक्याचा सर्वांत लहान घेर पुढे आणतं, खाली उतरताना पाव वळण घेतं, बाहेर येताना मान मागे टाकतं. डोकं बाहेर आल्यावर थोडा वेळ सगळं थांबतं, आणि पुढच्या कळेला खांदे वळून मोकळे होतात.

हे वळणं बाळ आणि गर्भाशय मिळून करतात, सिस्टर नव्हे. तिच्या हातात असते ती बोगद्याची जागा. बाई उताणी असेल तर माकडहाड टेबलावर दाबलं जातं, त्याला मागे सरकता येत नाही आणि खालचं तोंड तेवढं अरुंद राहतं. त्यात जड गर्भाशय पाठीकडच्या मोठ्या रक्तवाहिन्यांवर रेलतं, आईचा रक्तदाब उतरू शकतो, बाळाला जाणारं रक्त कमी होऊ शकतं. उकिडवं बसणं, ओणवं होणं, कुशीवर वळणं, चालणं यांनी जागा मिळते. कळांच्या पहिल्या टप्प्यात उभ्या किंवा चालत्या राहिलेल्या बायकांचा तो टप्पा सरासरी सव्वा तासाहून थोडा अधिक कमी झाल्याचं अनेक प्रयोगांच्या एकत्रित अभ्यासात दिसलं आहे. औषध नाही, खर्च नाही. तरी लेबर रूममध्ये बाई शिरली की पहिलं वाक्य असतं, ‘झोप इथे.’

भीती आणि कळा

कळा येतात त्या ऑक्सिटोसिन या संप्रेरकामुळे. संप्रेरक म्हणजे शरीरानं रक्तातून धाडलेला रासायनिक निरोप. ऑक्सिटोसिन मेंदूतून लहरी-लहरींनी सुटतं. बाई घाबरली की शरीरात अ‍ॅड्रेनलिन वाढतं, आणि कळांची लय बिघडू शकते. ब्रिटिश डॉक्टर ग्रँटली डिक-रीड यांनी १९३० च्या दशकातच भीती, ताण आणि वेदना यांची साखळी मांडली होती. त्यांची सगळीच मतं टिकली नाहीत, पण एकटं सोडलेल्या बाईचं बाळंतपण अवघड जातं, हे त्यांचं निरीक्षण टिकलं. २०१७ मध्ये १७ देशांतल्या २६ प्रयोगांचा आढावा निघाला. त्यांत १५ हजारांहून अधिक बायका होत्या. कळांच्या काळात सतत कुणीतरी सोबत असलेल्या बायकांमध्ये नैसर्गिक प्रसूती जास्त, सिझेरियन कमी आणि कळांचा काळ थोडा आखूड आढळला.

थोडक्यात, सोबत करणं हा उपचाराचाच भाग आहे. आणि तो शिकवायचा तर पुतळा किती महाग आहे याला फारसा अर्थ उरत नाही. प्लास्टिकच्या पुतळ्याला भीती वाटत नाही.

पोटाला बांधलेली पिशवी

म्हणून मला सगळ्यांत हुशारीचं वाटतं ते साधन दिसायला अगदी सामान्य आहे. ‘मामानॅटली’ ही पोटापुढे पट्ट्यांनी बांधायची एक पिशवी. तिच्या आत बाळाची बाहुली, नाळ, वार आणि लाल पाण्याची टाकी. ही पिशवी ट्यूटर बाई (शिक्षिका) स्वतः बांधतात आणि कळा देणारी बाई होतात. बाहुलीत कोमट पाणी भरलं की तिला खऱ्या बाळाचं वजन आणि लुळेपणा येतो. हात आत घालून ट्यूटर बाळ पुढे सरकवतात, अडवून धरतात, बाळाच्या ठोक्यांचा आवाज काढतात, रक्तस्राव सुरू करतात. यंत्रातला बिघाड नाही, वीज गेली तर चिंता नाही. आणि मुख्य म्हणजे पिशवीच्या वर एक माणूस आहे. तिला लाज वाटते, राग येतो, रडू येतं, ती उत्तर देते.

एक काल्पनिक तालीम पाहू. सविता, वय २२, पहिलटकरीण. गर्भाशयाचं तोंड ६ सेंटिमीटर उघडलेलं. ती उताणी पडली आहे, आई दाराबाहेर. विद्यार्थिनी आत येते आणि थेट बीपीचं यंत्र उचलते. सविता विव्हळते, ‘मला नाही जमायचं, सिझर करा.’ विद्यार्थिनी तिच्याकडे न बघता म्हणते, ‘असं नाही बोलायचं.’ इथे ट्यूटर मुद्दाम आवाज चढवतात, अंग आखडतात, तपासू देत नाहीत. आता विद्यार्थिनीला काहीतरी वेगळं करणं भाग आहे. ती थांबते. डोक्याशी येऊन विचारते, ‘ताई, कळ कुठे जास्त जाणवते? कंबरेत? उठून बसता का थोडं? आईला बोलावू?’ सविताचा श्वास हळूहळू संथ होतो. विद्यार्थिनी तिच्या कंबरेवर तळहातानं दाब देते, पुढच्या कळेला तिच्यासोबत लांब श्वास सोडते. शब्द बदलले की बाई बदलते, हे इथे कुणी सांगत नाही; तिला ते समोर दिसतं.

पुढचा कसोटीचा क्षण डोकं बाहेर आल्यावरचा. खांदे अजून आत आहेत आणि कळ थांबली आहे. खरं तर काहीच करायचं नाही: नाळेचा वेढा आहे का पाहायचं, आणि पुढच्या कळेची वाट बघायची. पण नवख्या हातांना ती शांतता सोसवत नाही, ते डोकं ओढू लागतात. ट्यूटर आतून बाळ घट्ट धरून ठेवतात. ओढाताण जितकी जास्त, तितकं बाळ हटून बसतं. हात आवरला, कळ आली, की बाळ सुळकन येतं. मग ते आईच्या पोटावर, कोरडं पुसून. नाळ किमान एक मिनिट कापायची नाही. गर्भाशय आवळावं म्हणून ऑक्सिटोसिनचं १० युनिटचं इंजेक्शन.

सगळं छान झालं असं वाटत असतानाच ट्यूटर टाकीची चावी फिरवतात. लाल पाणी वाहू लागतं. नैसर्गिक प्रसूतीची सोबत म्हणजे डोळे मिटून निसर्गावर सोडणं नव्हे. ‘नॉर्मल’ केव्हा संपलं हे क्षणात ओळखून मदत बोलावणं, गर्भाशय चोळणं, औषध देणं हेही त्याच शिक्षणात येतं. खऱ्या प्रसूतीत किती रक्त गेलं याचा नजरेनं केलेला अंदाज बहुधा कमी निघतो. इथे टाकीत किती पाणी होतं ते ट्यूटरना ठाऊक असतं, त्यामुळे अंदाज तपासता येतो.

चौकट : वाट बघताना लक्ष कशावर?
*(जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचना आणि रूढ वैद्यकीय मापांवरून)*

• कळांचा जोमदार टप्पा गर्भाशयाचं तोंड ५ सेंटिमीटर उघडल्यापासून धरायचा. पहिलटकरणीत तो साधारण १२ तासांत, पुढच्या खेपेला १० तासांत संपतो.
• ताशी १ सेंटिमीटर उघडलंच पाहिजे, हा जुना दंडक आता धरत नाहीत.
• बाळाचे ठोके जोमदार टप्प्यात दर १५ ते ३० मिनिटांनी ऐकायचे, बाळ बाहेर येण्याच्या टप्प्यात दर ५ मिनिटांनी. मिनिटाला ११० ते १६० ठोके ठीक.
• तोंड पूर्ण उघडल्यावर पहिलटकरणीला ३ तासांपर्यंत, इतरांना २ तासांपर्यंत वेळ लागू शकतो.
• जन्ममार्ग रुंदावण्यासाठीचा छेद सरसकट घ्यायचा नाही.
• नैसर्गिक प्रसूतीनंतर ५०० मिलिलिटर किंवा अधिक रक्त गेलं तर तो अतिरक्तस्राव.

तालीम संपल्यावरची बैठक

बाहेरच्या माणसाला वाटतं, नाटक संपलं म्हणजे शिकवणं संपलं. खरं शिकवणं तिथे सुरू होतं. प्रसंग पंधरा-वीस मिनिटांचा असेल तर त्यावरची चर्चा निदान तेवढीच, बहुधा जास्त चालते. सगळ्या गोल बसतात. पहिला प्रश्न ‘काय चुकलं?’ हा नसतो. ‘कसं वाटलं?’ हा असतो, कारण धडधड ओसरल्याशिवाय डोकं चालत नाही. मग काय घडलं ते क्रमानं आठवायचं, जमलं तर मोबाइलवरचं चित्रीकरण बघायचं. नंतर कारणं: ‘तू डोकं ओढलंस तेव्हा मनात काय होतं?’ उत्तर बहुतेक वेळा प्रांजळ येतं, ‘बाळ गुदमरेल असं वाटलं.’ चूक हाताची नव्हती, समजुतीची होती. ती समजूत आता दुरुस्त करता येते. नुसतं ‘ओढू नको’ म्हणून ओरडलं असतं तर ती जागची हलली नसती.

यासाठी तालमीआधी एक करार करावा लागतो: इथे गुण नाहीत, इथली चूक या खोलीबाहेर जाणार नाही. आपल्या नर्सिंग शिक्षणात हे पचायला जड आहे. वरिष्ठांसमोर खाली मान घालून उभं राहण्याची सवय, चुकीला सर्वांदेखत बोलणी खाण्याची सवय. त्यात ‘मनात काय होतं?’ या प्रश्नालाही मुली आधी आरोपच समजतात. सिम्युलेशन फसतं ते साधनांअभावी नव्हे, ही बैठक नीट न घेतल्यानं.

आणि एक गोष्ट मी कुठल्याही महागड्या यंत्रापेक्षा वरची मानेन. पिशवी आळीपाळीनं विद्यार्थिनींनीही बांधायची. स्वतः उताणं पडून, पाय वर अडकवून, चार अनोळखी माणसं आपल्याबद्दल आपल्या अंगावरून बोलताहेत हे पाच मिनिटं अनुभवायचं. मग बैठकीत ‘सविता’नं सांगायचं: ‘तू तपासणार आहेस हे मला कुणी सांगितलंच नाही.’ सन्मानानं वागवा, या विषयावरची दहा व्याख्यानं त्या एका वाक्यापुढे फिकी आहेत.

बाहुलीला जे जमत नाही

सिम्युलेशनबद्दलचा उत्साह जरा चाळून घ्यायला हवा. अमेरिकेत दहा नर्सिंग संस्थांमध्ये विद्यार्थ्यांचे रुग्णालयातले निम्म्यापर्यंतचे तास तालमीनं भरून काढून पाहिले. २०१४ मध्ये आलेल्या निष्कर्षानुसार परवाना परीक्षेत आणि पुढच्या कामात फरक पडला नाही. पण तिथे शिक्षक प्रशिक्षित होते आणि तालमी काटेकोर होत्या. हे वाक्य गाळून निष्कर्ष उचलला की घोटाळा होतो.

टांझानियातल्या हायडोम रुग्णालयाचा अनुभव जास्त बोलका आहे. जन्मल्यावर न रडणाऱ्या बाळाला पहिल्या मिनिटात श्वास कसा द्यायचा याचं एक दिवसाचं प्रशिक्षण तिथे झालं. बाहुलीवर सगळ्यांचं काम सुधारलं. खऱ्या बाळांच्या बाबतीत काही बदललं नाही. मग बाहुली प्रसूतिकक्षातच ठेवली, आणि थोडा थोडा सराव वारंवार सुरू केला. तेव्हा पहिल्या चोवीस तासांतले बालमृत्यू कमी झाले. बिहारमध्येही ‘अमानत’ कार्यक्रमात नर्स मार्गदर्शक प्राथमिक आरोग्य केंद्रांवर जाऊन तिथल्या सिस्टरसोबत, त्यांच्याच लेबर रूममध्ये अशा तालमी घेत होत्या. दिशा बरोबर होती: शिकणाऱ्यांना शहरातल्या चकचकीत लॅबमध्ये नेण्याऐवजी लॅब त्यांच्या टेबलापर्यंत न्यायची.

आणि एक उणीव तर मुळातलीच आहे. बारा तासांच्या कळा तालमीत वीस मिनिटांत गुंडाळाव्या लागतात. रात्री अडीच वाजता काहीही घडत नसताना, स्वतःचे डोळे मिटत असताना शांत राहणं कुठलीही बाहुली शिकवू शकत नाही. त्यासाठी प्रत्येक विद्यार्थिनीनं एखाद्या बाईजवळ सुरुवातीपासून शेवटपर्यंत बसलंच पाहिजे. दहा प्रसूतींची शेवटची दहा मिनिटं पाहण्यापेक्षा एक प्रसूती अख्खी पाहणं केव्हाही बरं. केसबुकाची रचना मात्र आकड्यावर बेतलेली असते.

आपल्याकडे

हैदराबादचं फर्नांडिस रुग्णालय २०११ पासून व्यावसायिक सुईणी घडवत आहे. केंद्र सरकारनं २०१८ मध्ये सुईण-सेवेची मार्गदर्शक तत्त्वं आणली. त्यांत नर्सना १८ महिन्यांचं खास प्रशिक्षण देऊन नैसर्गिक प्रसूतीची जबाबदारी त्यांच्याकडे सोपवण्याची योजना आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या २०२१ च्या सुधारित बी.एस्सी. नर्सिंग अभ्यासक्रमात सिम्युलेशनलाही जागा मिळाली आहे. कागद तयार आहेत. कमी आहेत ते तालमीनंतरची बैठक घेऊ शकणारे शिक्षक, आणि तालमीत शिकून आलेल्या मुलीला ‘इथे असलं काही चालत नाही’ म्हणून गप्प न करणारे वॉर्ड.

वाचकांना दोन गोष्टी करता येतील. सरकारी रुग्णालयात कळांच्या वेळी बाईसोबत एक जवळची स्त्री थांबू देण्याची परवानगी केंद्रानं २०१६ मध्येच दिली आहे. घरातलं बाळंतपण जवळ आलं की ती आधीच मागून घ्या. आणि गावातल्या एखाद्या नर्सिंग कॉलेजला देणगी द्यायचा विचार असेल, तर लाखो रुपयांच्या पुतळ्यासाठी देऊ नका. पोटाला बांधायच्या दोन पिशव्या घ्या आणि उरलेल्या पैशात तिथल्या दोन ट्यूटरना तालमीनंतरची बैठक कशी घ्यायची याच्या प्रशिक्षणाला पाठवा.